कुरुळीचा कट आणि दोन गाड्यांचा पिकअप

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, कुकरची शिट्टी होईस्तोवर गॅसपासून लांब उभी राहते, आणि जत्रेतल्या पाळण्याकडे खालून नुसतं बघितलं तरी माझे हातपाय गार पडतात. लेक म्हणते, "मम्मी, तुला घाबरायला कारण लागतच नाही." नाही लागत तर नाही. पण हायवेवरच्या कुरुळीच्या कटाला, डिव्हायडरमधल्या त्या फटीला, मी घाबरायचे त्याला कारण होतं, आणि ते कारण खरं कुठलं हे कळायला आम्हाला दोन नव्या गाड्या पळवून बघाव्या लागल्या.

आमचं घर मोशीला. मी कुरुळीच्या एका कारखान्यात कामाला जाते. गाडीच्या पोटातून ज्या वायरी फिरतात त्यांचे जुडगे बांधायचे, टेप गुंडाळायची, पुढे सरकवायचं, असं काम. आमच्या लाइनवर सगळ्या बायाच. लेक इंजिनिअर, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आणि आमचे हे, पिंपरीकडच्या पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमधून व्हीआरएस घेऊन घरी बसलेले. बसलेले म्हणजे काय, बसवतच नाही त्यांना. रोज सकाळी आम्हा दोघींना गाडीतून सोडायचं, ही शिफ्ट त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतली. आधी मी कुरुळीला उतरायचे, मग लेक महाळुंग्याला. लेकीकडे लायसन आहे, गाडी चांगली चालवते, पण हायवेवर तिनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. "कॉलनीत चालव काय चालवायची ती. तिकडं ट्रेलर असत्यात," एवढं बोलले की विषय बंद.

मोशीकडून चाकणला जाताना माझी कंपनी पडते उजव्या हाताला. म्हणजे डिव्हायडरच्या कटातून वळायचं आणि चाकणकडून येणारी सगळी रहदारी आडवी ओलांडायची. रहदारी म्हणजे कंटेनर, टँकर, डंपर आणि नव्याकोऱ्या गाड्या दोन मजली लादून नेणारे लांबच लांब ट्रेलर. सिग्नल नाही. पोलीस असला तर असला. त्यात समोरून वळायला कंपन्यांच्या बसेस कटाच्या तोंडाशी आडव्या लागलेल्या, त्यामुळे पलीकडून काय येतंय ते दिसतच नाही. मग तिथे रोजची माणसं काय करतात, तर काच खाली करतात आणि ऐकतात. मोठ्या गाडीची घरघर, हॉर्न आला की थांबायचं, आवाज विरला की निघायचं. आमच्या ह्यांचंही तसंच. आधी एसी बंद, कारण आमची जुनी सीएनजीची गाडी एसी चालू असला की उचल घेत नाही. मग काच खाली, मान जराशी वाकडी, आणि मग "चला" म्हणून क्लच सोडायचे.

तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणायचे, बुद्धं सरणं गच्छामि आणि पुढची दोन. लहानपणी बुद्धविहारात शिकलेलं, अडचणीत आपोआप ओठांवर येतं. जुन्या गाडीत तिन्ही सरणं म्हणून व्हायची तेव्हा कुठे आम्ही पलीकडच्या डांबरावर. मला गाडीचा वेग काट्यावर कधी कळला नाही. माझा काटा हाच.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. नेहमीसारखाच एसी बंद झाला, काच खाली आली, हे थांबले, "चला" म्हणाले आणि गाडी कटातून बाहेर पडली. माझं पहिलं सरण संपत होतं तेवढ्यात हॉर्न आला. ट्रेलरचा तो चिरकणारा हॉर्न, थांबतच नाही असा, आणि माझ्या बाजूनं. मी मान वर केली तर माझ्या काचेत दुसरं काहीच नव्हतं, नुसतं ट्रेलरचं तोंड. मागून लेक किंचाळली, "पप्पा!" मला वाटलं, आता हे पाय दाबतील आणि गाडी सुटेल. कसली सुटतेय! गाडी आपली त्याच चालीनं, बाजाराला निघाल्यासारखी, रस्त्याच्या मधोमध. ट्रेलरचे ब्रेक लागले. जळक्या रबराचा वास आत आला. वरच्या मजल्यावरच्या पांढऱ्या गाड्या साखळ्यांसकट पुढे हिसकलेल्या मी बघितल्या, आणि ट्रेलर माझ्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला. "मरना है तो घर पे मरो ना!" असं आणि त्यापुढचं बरंच काही बोलला. आईबहिणीवरून बोलला. मला त्याचा राग आला नाही, त्यानंच तर ब्रेक मारून वाचवलं होतं.

पलीकडे जाऊन ह्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. म्हणाले, "दमच न्हाई राहिला हिच्यात. पिकअप गेला हिचा."

मला ते शंभर टक्के पटलं. हॉर्न सगळ्यांनी ऐकला, म्हणजे त्यांनीही ऐकला असणार. ऐकला म्हणजे पाय दाबला असणार. पाय दाबूनही गाडी हलली नाही, म्हणजे गाडी मेली. दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी लाइनवर माझ्या हातून टेप सरळ गुंडाळली जाईना. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "काय हो, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरंच आहे, जिवंत आहे." आणि तिथंच रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कट. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माणूस एकदा वाचला की त्याला सुटलो असं वाटत असेल, मला तर वाटायचं की आता आपला नंबर लागलाय. घरी डब्यासाठी भाजी चिरतानासुद्धा तो हॉर्न कानात वाजायचा.

मग मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, गाडी बदला. मला रंग नको, सनरूफ नको, अ‍ॅव्हरेज नको. मला उचल घेणारी गाडी पाहिजे. नाहीतर मी नोकरी सोडते आणि घरी पापड लाटत बसते. हे म्हणाले, "पापड तुला येत न्हाईत." तेही खरंच होतं, पण गाडी बदलायला तयार झाले.

आता कोणती, यावरून बापलेकीत जुंपली. लेकीला इलेक्ट्रिक हवी. तिनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवायचा सपाटाच लावला. दोन गाड्या एका रेषेत उभ्या, कोणीतरी झेंडा हलवतो, आणि इलेक्ट्रिक गाडी निघून जाते, दुसरी मागे आवाज करत बसते. शून्य ते साठ, शून्य ते शंभर. मी म्हटलं, "बाई, मला शंभरपर्यंत जायचंच नाही. मला कटाच्या ह्या बाजूनं त्या बाजूला जायचंय. ते सांग." तर म्हणे, "तेच सांगतेय ना मम्मी. पहिल्या झटक्यालाच जोर पाहिजे, तो हिच्यात आहे."

ह्यांना मात्र हायब्रिड हवी. इंजिनही आहे, बॅटरीही आहे, दोन्हीकडून जोर. पण खरं कारण वेगळं होतं, आणि हे ते उघड बोलायचे. "गाडीला इंजिन पाहिजे. हाताला कळलं पाहिजे चालू हाय का बंद. उगं मुक्या जनावरावर बसल्यासारखं नको." प्रेस शॉपमध्ये त्यांचं नावच होतं त्यासाठी. कंपनी कानात घालायला प्लग द्यायची, हे आणि ह्यांच्या बरोबरीचे ते खिशात ठेवायचे. प्लग घातला की मशीन काय बोलतंय ते कळत नाही म्हणे. तळवा मशीनवर ठेवायचा, ठोका ऐकायचा, आणि डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, सैल झाला हे बाकीच्यांच्या आधी सांगायचे. मला कौतुक होतं त्याचं. पाहुण्यांना मी ते सांगायचे.

आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. गुरुवारी एमआयडीसीतले आतले रस्ते असे मोकळे असतात की कुत्री रस्त्याच्या मधे झोपतात. लेकीनं दोन्ही शोरूमवाल्यांना गुरुवारीच यायला लावलं. तिला नुसतं चक्कर मारून चालणार नव्हतं, ती क्वालिटीवाली. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोन्ही गाड्या पळवायच्या, तिनं कडेला उभं राहून मोबाईलवर शूटिंग करायचं आणि घरी जाऊन तुलना करायची, असा बेत. सुरुवातीच्या खांबाशी तिनं रस्त्यावर अर्धी वीट ठेवली, टायर तिथे टेकवायचा म्हणून. हे म्हणाले, "ही माझीबी क्वालिटी काढंल."

पहिली आली हायब्रिड. सोबत आलेला सेल्सवाला चांगला टाय लावून, गोड बोलणारा. ह्यांनी बटण दाबलं. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. "सर, चालूच होती, आता बंद केलीत तुम्ही," तो म्हणाला. आम्ही हसलो. मग त्यानं समजावलं की निघताना ती बॅटरीवर निघते, इंजिन लागेल तेव्हा लागेल. ह्यांनी डावा तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि गाडी हलवली. पुढे गेल्यावर इंजिन लागलं, अंगात हलकीशी थरथर आली, आणि मी बाजूनं बघितलं तर ह्यांच्या खांद्यातला ताठपणा गेला. टायर विटेला टेकवून झाल्यावर सेल्सवाला म्हणाला, "आता दाबा सर, पूर्ण." दाबलं. आधी एक हलका धक्का, मग श्वास घ्यायला थांबल्यासारखं झालं, मग इंजिन एकदम गरजलं. आवाज पुढे आणि गाडी त्याच्या मागून. पण ओढत गेली हो, खोटं कशाला बोलू. माझं दुसरं सरण निम्म्यात होतं तेव्हा खांब मागे गेला होता. जुन्या गाडीच्या मानानं ही पुष्कळच झाली.

"बघ," हे खुशीत म्हणाले, "हिला म्हणत्यात गाडी."

लेक मोबाईलमध्ये बघत म्हणाली, "पप्पा, आरडाओरडा जास्त आहे, पळणं त्या मानानं कमी."

दुपारनंतर इलेक्ट्रिक आली. हिच्याबरोबर एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान, शांत बोलणाऱ्या. आधी लेक बसली चालवायला, मी मागे. तिनं सांगितलं, "मम्मी, डोकं मागे टेकव." मी म्हटलं, एवढं काय त्यात. तिनं पाय दाबला आणि माझं डोकं आपोआपच मागे टेकलं. मांडीवरची पर्स सीटवरून खाली गेली. आवाज नाही, थरथर नाही, कुणीतरी पाठीत हात घालून पुढे ढकललं एवढंच. "अगं बाई गं! थांबव, थांबव!" मी ओरडले. माझं पहिलंसुद्धा सरण पूर्ण झालं नव्हतं आणि खांब गेला होता.

आज तीच गाडी आमच्या दारात उभी आहे, म्हणून सांगते, उचल घेण्यात तिला तोड नाही. कटातून ही आपल्याला नेईल, हे मला तेव्हाच पोटात कळलं. पण भीती गेली म्हणाल तर नाही. हायब्रिड गरजून सांगते तरी की मी निघाले. ही सांगतच नाही. चुकून पाय पडला तर? समोर कुणी असलं तर? एका भीतीच्या जागी मला दोन झाल्या. मी उतरून जरा वेळ खांबाला धरून उभी राहिले, तर लेक माझंच शूटिंग करायला लागली.

मग ह्यांची पाळी. सेल्सवाल्या बाई पुढे शेजारी, मी मागे, लेक बाहेर. ह्यांनी डावा हात दांड्यावर ठेवायला नेला, तर दांडा नाही, नुसतं गोल चाक. हात तिथे चाचपडत राहिला. गाडी निघाली का उभी आहे हेच त्यांना कळेना. जरा दाबलं की हिसका, मग ब्रेक, मग पुन्हा हिसका. मी ह्यांना इतकी वर्षं गाडी चालवताना बघतेय, घाट बघितलाय, पाऊस बघितलाय, पण स्टिअरिंगवर बसून त्यांच्या मानेवर घाम आलेला त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"मेलेली हाय ही," ते म्हणाले. "काय कळतच न्हाई हिचं."

"सवय होते सर," बाई म्हणाल्या. "एकदा फुल दाबून बघा, मग बोला. थोडी मागे घ्या, विटेपर्यंत."

लेक मागून ओरडली, "थांबा, वीट सरकलीय, नीट ठेवते!" ती ओरडली ते मी ऐकलं. हे गाडी मागे घ्यायला लागले.

गाडी मागे येताना आतमध्ये बीप वाजायला लागला. मागे काही असलं की वाजतो तो. आधी सुटा सुटा, टिक टिक टिक. आमच्या कारखान्यात वायर चुकीच्या जागी लागली की असाच वाजतो, त्यामुळे मला तो चटकन कळतो. मला वाटलं, आता हे थांबतील. बीप जवळजवळ यायला लागला. बाई खाली बघून मोबाईलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होत्या. हे उजवीकडच्या आरशात बघत होते, अगदी शांत. मग बीप सलग झाला, एकच लांब किंकाळी. मी मागे वळून काचेतून बघितलं तर रस्ता मोकळा. लेक दिसतच नव्हती. आणि मग पुढच्या मोठ्या स्क्रीनवर, मागचा कॅमेरा दाखवतो तिथे, मला तिची पाठ दिसली. विटेपाशी उकिडवी बसलेली, वेणी पाठीवर, आणि तिच्यावर लाल रेघा.

मी काय ओरडले मला माहीत नाही. बाई सांगत होत्या नंतर, की मी नुसतं "ए, ए, ए" असं ओरडत होते. दोन्ही मुठींनी मी ह्यांच्या खांद्यावर मारलं. त्यांनी ब्रेक दाबला.

मी दार उघडून पडत-धडपडत मागे गेले. गाडी तिच्या पाठीला लागली होती. लागली होती म्हणजे टेकली होती, आणि ती पुढे दोन्ही हातांवर पडली होती. तळवे सोललेले, मांडीला धूळ. जिवंत. मी तिला उठवलं, चाचपलं, पाठ बघितली, डोकं बघितलं, पुन्हा पाठ बघितली. "मम्मी, काही नाही झालं," ती म्हणत होती, आणि तिचे दात वाजत होते.

ह्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "काय झालं? मारती कशाला मला?"

बाई पांढऱ्या पडल्या होत्या. "सर, बीप वाजतोय ना केव्हाचा! थांबायचं ना तुम्ही!"

"कुठला बीप?"

गाडी अजून मागच्या गिअरमध्येच होती आणि आत ते एवढ्या जोरात वाजत होतं की आम्हाला एकमेकींशी ओरडून बोलावं लागत होतं. बाईंनी हात पुढे करून गाडी पार्किंगला टाकली. बीप बंद झाला. गुरुवारचा रस्ता, चिटपाखरू नाही. लेक सोललेले हात तसेच धरून खिडकीशी गेली. बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकदम हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "पप्पा, आता वाजतोय का?"

हे डॅशबोर्डकडे बघून म्हणाले, "हां, वाजतोय की. आता वाजतोय."

लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मला वाटतं आम्हा दोघींना तो ट्रेलर एकाच वेळी आठवला. हॉर्न त्यांनी ऐकलाच नव्हता. पाय दाबलाच नव्हता. जुन्या गाडीत दम होता का नव्हता हा प्रश्नच नव्हता, कारण तिला कुणी पळ म्हणून सांगितलंच नव्हतं. आणि मग ती काच खाली करणं, ती मान वाकडी करणं? असं किती दिवस चाललं होतं? मी त्या विटेवरच बसले. होऊन गेलेल्या गोष्टीची भीती मागाहून इतकी वाटते हे मला माहीत नव्हतं.

घरी जाताना जुनी गाडी त्यांनीच काढली. तुम्ही चालवू नका, हे माझ्या ओठांवर होतं. काय बोलणार? ज्या माणसानं आयुष्यभर मशीनची बोली ऐकली, म्हणून मान मिळवला, त्याला रस्त्यात, परक्या बाईसमोर, कसं सांगायचं? लेक मागे बसली, रुमालानं तळवे पुसत. मी पुढे. सगळा रस्ता मी दोघांच्या वाटचं ऐकत होते, माझ्या आणि ह्यांच्या. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मी दचकले. स्कूटरवाली घासून गेली, मी दचकले. हे मधेमधे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, चिडलेत माझ्यावर, खांद्यावर मारलं म्हणून.

घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. हात धुऊन लेक आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हे बाल्कनीत बसून उद्याचे बूट पुसायला लागले. गाडी चालवायला बूटच लागतात त्यांना, चप्पल चालत नाही. उद्या शुक्रवार. उद्या पुन्हा कट.

मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, दोन हात अंतरावर. आणि भाजी काय करू असं विचारावं तेवढ्याच आवाजात म्हणाले, "अहो, मला तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते."

ते बूट पुसत राहिले.

मी पुन्हा म्हणाले. त्यांनी दुसरा बूट घेतला. संसारात इतकी वर्षं किती काय काय मी त्यांच्या पाठीमागून बोलले असेन, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून रुसले असेन, ते सगळं त्या दुसऱ्या बुटापाशी मला समजलं. मग त्यांना सावली दिसली असावी. वळून म्हणाले, "अगं, इथं काय उभी? चहा टाकती का?"

मी पुढे झाले, त्यांच्या समोर खाली बसले आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले, सावकाश. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते. सगळं वाक्य संपेपर्यंत बघितलं आणि मग बुटाकडे मान घातली.

"मला बी वाटते," ते म्हणाले. "रोजच वाटते."

मग ते बोलत राहिले, बुटाशी बोलल्यासारखे. "काच उगं खाली करतो मी. दाखवायला. ढोबळ येतं कानावर, बारीक, चिरकं काय येत न्हाई. मग तुझ्या तोंडाकडं बघतो. तू दचकली की थांबायचं, न्हाई दचकली की निघायचं. चुकत न्हाईस तू. त्या ट्रेलरच्या दिवशी तू डब्याच्या पिशवीत वाकली होतीस. तोंड दिसलं न्हाई. मला वाटलं, मोकळं हाय."

डब्यातल्या आमटीचं झाकण सैल झालं होतं त्या दिवशी. मी ते आवळत होते.

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "उद्यापासून पोरीला काढायला सांग. मी मागं बसतो," म्हणाले, आणि रडायला लागले. एवढ्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरच्या बाई बाल्कनीत येऊन वर बघायला लागल्या. आपण किती मोठ्यानं रडतोय हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना "हळू" असं म्हटलं नाही.